मोठी काच, लांब नळी

आमच्या शेजारच्या काकांच्या गॅलरीत एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्या पाठीवर मसुरीच्या दाण्याएवढा, कडा वितळून आत गेलेला एक खड्डा आहे. काका कारखान्यात टर्नर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. जुन्या सामानाच्या बाजारातून त्यांनी एक भिंग आणलं. पितळी कड्यात बसवलेलं, हाताच्या तळव्याएवढं, चांगलं १०० मिलिमीटर व्यासाचं. ते धुऊन पुसून त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवलं आणि चहा प्यायला आत गेले. ऑक्टोबरची दुपार होती. परत आले तेव्हा खुर्चीतून धूर निघत होता.

“एवढा जोर आहे या काचेत,” काका मला म्हणाले. “हिची दुर्बीण केली तर शनीची कडी दिसतीलच की नाही, सांग.”

मी या सदरात विज्ञानावर लिहिते म्हणून इमारतीतले असे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तर ‘नाही’ असं होतं, पण का नाही, हे सांगायला मला आणि त्यांना मिळून तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत भाईंदरच्या आमच्या गच्चीवर एक दुर्बीण उभी राहिली. ती त्या मोठ्या काचेची नाही.

आधी खुर्चीचं बघू. भिंग सूर्याचं छोटं चित्र तयार करतं. या भिंगाने केलेलं सूर्याचं चित्र साधारण साडेचार मिलिमीटरचं होतं, म्हणजे १०० मिलिमीटरच्या गोलावर पडलेलं सगळं ऊन मसुरीएवढ्या जागेत गोळा झालं. क्षेत्रफळांचा हिशेब केला तर तिथे ऊन चारशेपटीहून जास्त तीव्र होतं. प्लास्टिक वितळायला तेवढं पुरे. खुर्चीच्या जागी गादी किंवा वर्तमानपत्रांची रद्दी असती तर हा लेख वेगळ्या पानावर छापून आला असता. मोठं भिंग घरात असेल तर ते झाकून, कपाटात ठेवायचं. खिडकीत कधीच नाही.

रात्री काकांनी तेच भिंग एका हातात आणि वाचायचं लहान भिंग दुसऱ्या हातात धरून चंद्र पाहिला. चंद्र मोठा दिसला खरा, पण त्याच्याभोवती एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला पिवळट-तांबडी झालर होती, आणि मधला भाग दुधात भिजवलेल्या पावासारखा. खड्डे, डोंगर काही नाही. “काच खराब आहे,” असा त्यांचा निष्कर्ष. काच खराब नव्हती. ती फार मोठी होती, आणि त्या मानाने फार ‘आखूड’ होती.

आखूड म्हणजे काय, ते भिंतीवर मोजता येतं. दिवसा खोलीतला दिवा बंद करायचा, खिडकीसमोरच्या भिंतीशी भिंग धरायचं आणि पुढे-मागे करत बाहेरच्या इमारतीचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट करायचं. भिंग आणि भिंत यांच्यातलं अंतर म्हणजे त्या भिंगाचं नाभीय अंतर. शाळेत शिकलो होतो, परीक्षेनंतर विसरलो. काकांच्या भिंगाचं अंतर निघालं ५० सेंटिमीटर.

साध्या, एकाच काचेच्या भिंगात प्रत्येक रंग वेगळ्या अंतरावर एकत्र येतो. निळा जवळ, तांबडा लांब. नेहमीच्या काचेत हा फरक नाभीय अंतराच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढा असतो. काकांच्या भिंगात तो आठ-साडेआठ मिलिमीटर भरतो. म्हणजे हिरवा रंग स्पष्ट केला की निळा आणि तांबडा दोन्ही पसरलेले. याला रंगदोष म्हणतात. त्यात भर म्हणजे जाड, फुगीर भिंगाच्या कडेजवळून येणारे किरण मध्यातून येणाऱ्या किरणांच्या जागी मिळतच नाहीत. गणित केलं तर या भिंगाने एका बिंदूसारख्या ताऱ्याचा जो रंगीत डाग होतो तो चंद्राच्या व्यासाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. अशा जाड ब्रशने चंद्रावरचे खड्डे कसे रंगवणार?

यावर एक उपाय होता, पण काकांना तो सांगताना मला जरा वाईटच वाटलं. जाड पुठ्ठ्याला मधोमध २० मिलिमीटरचं भोक पाडून तो भिंगावर लावायचा. काच बहुतेक सगळी झाकायची.

“मग मोठी काच घेतली कशाला?”

प्रश्न रास्त होता. पण पुठ्ठा लावला आणि चंद्र पाहिला तेव्हा ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. प्रकाश पंचवीसपट कमी झाला होता, पण चंद्राकडे उजेडाची श्रीमंती असते, त्याला चालतं. डाग पाचपट लहान झाला होता. उजेड-अंधाराच्या सीमेवर दातेरी रेघ दिसायला लागली. ती रेघ म्हणजे डोंगर आणि त्यांच्या सावल्या.

हीच युक्ती गॅलिलिओने केली होती. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या त्याच्या दोन दुर्बिणींपैकी एकीचं भिंग ३७ मिलिमीटरचं आहे, पण त्यातली फक्त मधली १५ मिलिमीटर जागा उघडी ठेवलेली आहे. नाभीय अंतर ९८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटर, आणि चित्र सुमारे एकवीसपट मोठं. काच बारीक, नळी लांब. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याने गुरूजवळ तीन ठिपके पाहिले आणि आठवडाभरात ते चार झाले, ते अशाच एका साध्या भिंगातून.

आता गंमत बघा. एक मीटर नाभीय अंतराचं, सहा-सात सेंटिमीटर व्यासाचं भिंग आपल्या प्रत्येक चौकात विकत मिळतं. चष्म्याच्या दुकानात. चष्म्याचा नंबर म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा उलटा आकडा. +२ नंबर म्हणजे अर्धा मीटर, +१ म्हणजे एक मीटर, +०.५० म्हणजे दोन मीटर. आजोबांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर +२ असेल तर त्याचं आणि काकांच्या पितळी भिंगाचं नाभीय अंतर एकच आहे. फ्रेममध्ये बसवण्याआधी चष्म्याची काच गोल, न कापलेली असते. ती तशीच मागायची.

आम्ही दोघं गेलो. दुकानातल्या मुलाने विचारलं, “पेशंट कोण?” काका म्हणाले, “चंद्र.” त्याने मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, प्लस एक, सिलिंडर नको, साधी, एकच नग, कापायची नाही. काच मिळाली, पण त्याने दोनदा विचारून घेतलं की दुसऱ्या डोळ्याची नंतर न्यायला येणार का.

या काचेवर २५ मिलिमीटरची खिडकी ठेवली की तिचा रंगीत डाग काकांच्या उघड्या पितळी भिंगाच्या मानाने आठपट लहान होतो. आणि २५ मिलिमीटर म्हणजे अगदीच कमी नाही. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की त्याहून कमी. म्हणजे ही एवढीशी खिडकीसुद्धा नुसत्या डोळ्याच्या बारापट प्रकाश गोळा करते.

नळी प्लंबिंगच्या दुकानातली, ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. ७० मिलिमीटरची काच त्याच्या तोंडाशी आत अलगद बसली. फुगीर बाजू आकाशाकडे. काच पडू नये म्हणून पुढे-मागे पाइपच्याच कापलेल्या कड्या. इथे टर्नरचा हात दिसला, काकांनी त्या कड्या इतक्या नेमक्या घासल्या की गोंद लागलाच नाही. पाइप आतून काळा करावा लागतो, तोही चकचकीत नाही तर मॅट काळा, नाहीतर बाजूच्या इमारतीचा हॅलोजन आत शिरून भिंतीवरून परावर्तित होतो आणि चित्र फिकं पडतं. आत थोड्या थोड्या अंतरावर काळ्या पुठ्ठ्याच्या, मधे भोक असलेल्या चकत्या बसवल्या की हा चोरटा उजेड आणखी अडतो. आमच्या भागात हे फार महत्त्वाचं.

डोळ्याशी लागणारं भिंग, म्हणजे नेत्रिका, घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात त्या पाचपटीच्या भिंगातून केली. त्याचं नाभीय अंतर सुमारे ५० मिलिमीटर. मोठ्या भिंगाच्या नाभीय अंतराला याने भागायचं, १००० भागिले ५०, म्हणजे वीसपट. ती एका बारीक पाइपमध्ये बसवून तो मोठ्या पाइपच्या मागच्या झाकणातून आत-बाहेर सरकेल असा केला. नेत्रिका आणखी बारीक वापरून चाळीसपट करता येतं का? येतं, पण मग धूसरपणाही दुप्पट मोठा दिसतो. दुकानातल्या खोक्यांवर ‘४५०एक्स’ वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नये, एवढं यावरून कळलं तरी पुष्कळ.

सगळा खर्च हजाराच्या आत. नळी एका रविवारी झाली. स्टँडला मात्र सहा रविवार गेले.

भिंगाच्या दुर्बिणीचं खरं दुखणं हे आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मीटरभर लांब नळी कॅमेऱ्याच्या तिपाईवर ठेवली तर ती जिवंत होते. खाडीवरून वारा आला, गुरू नाचला. कोणी गच्चीवर चालत आलं, गुरू नाचला. नेत्रिकेला हात लावला की तो दिसेनासाच होतो, कारण वीसपट मोठं चित्र म्हणजे वीसपट मोठा कंप. शिवाय नळीचं डोळ्याकडचं टोक खाली येतं. डोक्यावरचा ग्रह बघायचा तर गच्चीवर आडवं पडावं लागतं. म्हणून स्टँड उंच हवा, आणि उंच असूनही जड हवा. काकांनी आधी लोखंडी अँगल वापरले, ते झणझणत राहायचे. शेवटी जाड प्लायवूडची पेटी केली, तिच्यात वाळूची पिशवी ठेवली, वर एक खोबण आणि नळीच्या दोन्ही बाजूंना गोल लाकडी चकत्या. खाली फॉर्मायकावर टेफ्लॉनचे तीन तुकडे, त्यावर पेटी गुळगुळीत फिरते. प्लायवूडवर एकदा हात मारला की कंप सेकंदाभरात विरतो. दुर्बीण विकत घेणाऱ्यांनीही दुकानात नळीकडे पाहण्याआधी स्टँडला एक टिचकी मारून बघावी.

लांब नळीच्या या त्रासातून जुने लोकही गेले होते. क्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा चंद्र टायटन शोधला तो ५७ मिलिमीटर व्यासाच्या, तीन मीटरहून लांब नाभीय अंतराच्या भिंगातून. कडी हे कडी आहे, शनीचे कान नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. मग हव्यास वाढला. डान्झिगच्या हेवेलियसने १५० फुटांची दुर्बीण उभारली, खांबाला दोरखंडांनी लटकवलेली, वाऱ्याने लवलव करणारी. आमच्या भाईंदरमध्ये पंधरा मजली टॉवर आडवा पाडला तर साधारण तेवढा लांब भरेल. हायगेन्सने तर पुढे नळीच काढून टाकली, खांबाच्या टोकाला भिंग आणि खाली हातात नेत्रिका, मधे फक्त ताणलेली दोरी. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर काचेच्या त्या एका दोषासाठी.

आपल्या देशातल्या सुरुवातीच्या दुर्बिणीही भिंगाच्याच होत्या. भाईंदरहून गाडीत बसलं की काही तासांत सुरत येतं. तिथे जेरेमाया शेकर्ली या इंग्रज तरुणाने १६५१ मध्ये सूर्यबिंबावरून जाणारा बुध पाहिला, भारतात आकाशासाठी दुर्बीण वापरल्याची ही पहिली नोंद मानतात. पुढे १६८९ मध्ये पुदुच्चेरीत रिशो नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याला धूमकेतू पाहता पाहता लक्षात आलं की मित्र, म्हणजे नरतुरंगातला सर्वांत तेजस्वी तारा, एक नसून दोन आहेत. मे महिन्याच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारास हा मित्र आपल्याकडेही दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर असतो. आमच्या गच्चीवरून तिथे दहिसर-बोरिवलीचा झगझगाट आहे. नुसत्या डोळ्यांनी एकदा दिसला होता, पावसाची एक सर येऊन गेल्यावर.

रंगदोषाचा इलाज सापडला अठराव्या शतकात. दोन वेगळ्या जातींच्या काचा घ्यायच्या, एक बहिर्वक्र क्राउन काचेची आणि एक अंतर्वक्र फ्लिंट काचेची. पहिलीने फाकवलेले रंग दुसरी बरेचसे परत जुळवते, आणि तरीही जोडभिंग प्रकाश एकत्र आणतं. इंग्लंडमध्ये चेस्टर मूर हॉलने हे आधी केलं होतं, पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडने घेतलं. तेव्हापासून चांगल्या भिंगाच्या दुर्बिणीत जोडभिंग असतं. साध्या द्विनेत्रीच्या पुढच्या काचाही तशाच असतात. जोडभिंग असेल तर ते पूर्ण उघडं ठेवता येतं, पुठ्ठ्याची गरज नाही, म्हणून मोठी काच तिथे खरोखर कामाची. पण तिलाही मर्यादा आहे. काचेला आधार फक्त कडेने देता येतो, फार मोठी केली की ती स्वतःच्या वजनाने वाकते. अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेतलं १८९७ चं ४० इंची भिंग आजही वेधशाळेतल्या दुर्बिणीचं सर्वांत मोठं भिंग आहे.

आणि म्हणूनच आरसे आले. आरशात प्रकाश काचेतून जात नाही, त्यामुळे रंग फाकत नाहीत, आणि पाठीमागून पूर्ण आधार देता येतो. पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली मुख्य दुर्बीण आरशाचीच होती, २० इंची, डब्लिनच्या ग्रबची. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती आली. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज हौशी मंडळी घरी दुर्बीण करतात तीही बहुतेक आरशाची. हिशेब सरळ आहे. आरशाचा एकच पृष्ठभाग हाताने घासायचा, जोडभिंगाचे चार, आणि काचही दोन जातींची, निर्दोष हवी. घरी जोडभिंग घासणं हा वेडेपणा आहे. ते तयार आणायचं आणि बाकीची दुर्बीण घरी करायची. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “लेथ असती ना, तर...” आणि पुढचं वाक्य गिळलं.

आता डोळ्यांबद्दल, कारण या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटलं ते काकांच्या डोळ्यांचं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, डावा अजून बाकी आहे. एका रात्री ते नेत्रिकेशी डोळे बदलत बसले होते. “उजव्याने बघितलं की चंद्राला जांभळी किनार दिसते. डाव्याने नाहीच. दुर्बीण बदलते की काय?”

बदलत होते ते डोळे. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार पिवळट होत जातं आणि जांभळा-निळा प्रकाश गिळायला लागतं. हे इतकं हळू होतं की आपल्याला पत्ताच नसतो. ऑपरेशनमध्ये ते पिवळं भिंग निघून स्वच्छ कृत्रिम भिंग येतं आणि निळा रंग परत येतो. काही कृत्रिम भिंगं मुद्दाम किंचित पिवळी असतात, त्यांत हा फरक कमी जाणवतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यानंतर दोन डोळ्यांना वेगवेगळे रंग दिसतात म्हणून तो हैराण झाला होता. काकांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आमच्या दुर्बिणीचा रंगदोष फुकटात गाळत होता. त्यावर “मग हा ठेवू का असाच?” असं त्यांनी विचारलंच. नाही, अर्थातच. त्या डोळ्याला चंद्रच मुळात फिकट आणि धुकट दिसत होता.

चष्मा काढून बघायचं की घालून, हे प्रत्येक जण विचारतो. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढायचा आणि नेत्रिका आत-बाहेर करून जुळवायचं, दुर्बीण तो नंबर स्वतःच भरून काढते. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र दुर्बिणीला तो भरता येत नाही, चष्मा ठेवलेला बरा. मंद वस्तू बघायच्या असतील तर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्यावी लागतात. मधेच एकदा मोबाइल पाहिला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

आमच्याकडे अंधार हाच मोठा प्रश्न. मिरा-भाईंदरमध्ये मिठागरांकडची बाजू सोडली तर रात्र अशी उरलेली नाही. पण चंद्र, गुरू, शनी आणि शुक्र यांना शहराच्या उजेडाने काही बिघडत नाही. छोट्या, लांब नळीच्या दुर्बिणीला नेमकं हेच जमतं, त्यामुळे ती शहराला सोयीची आहे. चंद्र पौर्णिमेला पाहू नका, तेव्हा तो सपाट थाळीसारखा दिसतो. शुक्ल पंचमी ते नवमी हे दिवस धरा, सावल्या लांब असतात. गुरूचे चार चंद्र आमच्या वीसपटीच्या दुर्बिणीत स्पष्ट दिसतात. सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो, त्यामुळे जेवणाआधी आणि जेवणानंतर पाहिलं तरी जागा बदललेली कळते. शनी मात्र लांबट दाण्यासारखा दिसतो, गॅलिलिओला दिसला तसाच बुचकळ्यात टाकणारा. थंडीत कृत्तिका, आणि मृगातला तेजोमेघ राखाडी डागासारखा.

गच्चीचा आणखी एक त्रास, दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी उष्णता सोडतं आणि ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखा थरथरतो. दहानंतर बरं असतं. पण दहानंतर आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप. त्या किल्लीसाठी दोन अर्ज आणि एक मीटिंग झाली. “वर नेमकं काय करणार?” या प्रश्नाचं उत्तर काकांनी सेक्रेटरींच्या पत्नीला गुरू दाखवून दिलं. किल्ली आता काकांकडे असते.

पश्चिमेला शुक्र बघायचा असेल तर उत्तन उत्तम. समोर समुद्र, इमारती नाहीत, आणि शुक्राची कोर बघायला रात्रीचीही गरज नाही, सूर्य पूर्ण मावळल्यावर लगेच दिसते. पूर्ण मावळल्यावर, हे पुन्हा सांगते.

कारण सूर्याची गोष्ट राहिली आहे. दुर्बिणीतून, पुठ्ठा लावलेल्या दुर्बिणीतूनसुद्धा, सूर्याकडे क्षणभरही पाहायचं नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. खुर्ची निदान धूर सोडते, डोळा काहीच सांगत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग जाणवतो, आणि तो कायमचा राहू शकतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक चढवलेले गॉगल, यांतलं काहीही चालत नाही. नेत्रिकेला लावायच्या छोट्या काळ्या काचाही नाहीत, त्या उष्णतेने तडकतात. सौर फिल्टर लागतो तो नळीच्या पुढच्या तोंडावर, खास त्यासाठी बनवलेला, घट्ट बसवलेला आणि एक टाचणीएवढंही भोक नसलेला. किंवा डोळा लावायचाच नाही, नेत्रिकेमागे पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचं चित्र पाडायचं, आणि मुलं नळीत डोकावणार नाहीत यासाठी एक माणूस तिथेच उभा ठेवायचा. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, मुंबई परिसरातून खंडग्रास. ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य दिसेल की ढग, हे वेगळं. पण त्या दिवशी कपाटातल्या जुन्या दुर्बिणी बाहेर निघणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

पावसाळ्यात काकांच्या दुर्बिणीला सुट्टी असते. खाडीकाठची दमट, खारी हवा भिंगांना मानवत नाही, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि एकदा धरली की काचेवरचा लेप खाते. नेत्रिका आणि भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवायची, तोंडाने फुंकायचं नाही आणि सदऱ्याच्या टोकाने तर मुळीच पुसायचं नाही. पितळी भिंगही त्याच डब्यात आहे, फडक्यात गुंडाळलेलं. काका ते अधूनमधून काढून हातात धरून बघतात.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा चष्म्याच्या दुकानात गेलो. या वेळी +०.५०, दोन मीटर नाभीय अंतर. खिडकी तेवढीच ठेवली तर रंगीत डाग आणखी निम्मा होईल, आणि त्याच नेत्रिकेने चाळीसपट मोठं दिसेल. शनी दाण्यासारखा दिसतो हे काकांच्या मनातून जात नाही. मुलाने या वेळी पेशंट विचारला नाही. पाइपही आणला, दोन मीटरचा. तो लिफ्टमध्ये बसत नाही. परवा आम्ही तो जिन्यावरून सात मजले चढवला, मी पुढून, काका मागून, आणि प्रत्येक वळणावर कोणाच्या ना कोणाच्या दाराची बेल वाजली.